ढिला बांधा, तिरके झोपा: पहिल्यांदा हॅमॉक टांगणाऱ्यांसाठी

माझा पहिला हॅमॉक मी मामाच्या मळ्यात टांगला, बांधावरच्या दोन आंब्यांच्या मध्ये. नवाकोरा, जाळीदार, दोन्ही टोकांना रुबाबदार लाकडी काठ्या असलेला. दोऱ्या ओढून ओढून तळवे लाल केले आणि जाळी तबल्यासारखी ताठ झाली तेव्हाच थांबलो. वर चढलो, क्षणभर आंब्याची पानं आणि आभाळ दिसलं, पुढच्या क्षणी तोंडात माती. हॅमॉकने माझ्यासकट गिरकी घेतली होती. खोपीच्या दारात शेंगा फोडत बसलेली आजी जागची हललीसुद्धा नाही. म्हणाली, "आरं, बाज इणतुयास का झोळी बांधतुयास?"

आजीने पाच पोरं त्याच आंब्याखाली लुगड्याच्या झोळीत निजवली होती आणि शेजारी भांगलण केली होती. तिला जे न शिकता येत होतं ते मला कळायला दोन उन्हाळे गेले. बाज जितकी कसावी तितकी चांगली. झोळी जितकी कसावी तितकी वाईट. हॅमॉक ही झोळी आहे. आपल्या डोक्यात मात्र अंथरूण म्हटलं की बाज असते, आणि हॅमॉकच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

हे मूळचं कुणाचं

थोडक्यात सांगतो, कारण त्याचा पुढे उपयोग आहे. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला तेव्हा तिथले लोक दोन खांबांमध्ये टांगलेल्या सुताच्या जाळ्यांत झोपताना त्याला दिसले. तिथल्या ताईनो लोकांचा शब्द 'हामाका', तोच स्पॅनिशमधून इंग्रजीत जाऊन हॅमॉक झाला. पोर्तुगीज १५०० मध्ये ब्राझीलला पोचले. त्यांना ते मासेमारीच्या जाळ्यासारखं दिसलं म्हणून त्यांनी त्याला 'रेदे', म्हणजे जाळंच, म्हटलं. ब्राझीलमध्ये आजही तेच नाव आहे. पुढे युरोपच्या जहाजांवर खलाशी हॅमॉकमध्ये झोपू लागले. ब्रिटिश आरमारात एका माणसाला टांगायला १४ इंच रुंदीची जागा मिळे.

मेक्सिकोच्या युकातान भागात घरोघर भिंतीत हॅमॉकचे हूक असतात आणि माणसं जन्मभर त्यातच झोपतात. तिथले जुने हॅमॉक घायपाताच्या जातीतल्या हेनेकेनच्या दोराचे असत. आपल्याकडे शेताच्या बांधावर आणि रेल्वेच्या कडेला दिसणारं घायपातही मूळचं मेक्सिकोचंच. त्याच्या वाखाला जगभर 'सिसल' म्हणतात, ते युकातानमधल्या सिसाल बंदराच्या नावावरून.

हे सांगायचं कारण असं की जे लोक रोज हॅमॉकमध्ये झोपतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हॅमॉकला आडव्या काठ्या नसतात.

कुठला घ्यायचा

काठ्यांचा हॅमॉक फोटोत सुंदर दिसतो. तो अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायनातल्या पॉलीज आयलंडवर १८८९ च्या सुमारास जोशुआ वॉर्ड नावाच्या होडीच्या कप्तानाने दोराचा विणला, आणि तिथून तो बागेतल्या आरामाचं चित्र होऊन बसला. काठ्यांमुळे कापड सपाट राहतं, पण वजन वर येतं. झोळीत तुमचं शरीर टांगणीच्या टोकांपेक्षा बरंच खाली असतं, म्हणून ती स्थिर. ताणलेल्या सपाट जाळीवर शरीर जवळजवळ टोकांच्याच उंचीला असतं, म्हणून जरा कूस बदलली की पलटी. घरी आधीच असेल तर फेकू नका, बसून चहा प्यायला बरा आहे. नवा घेत असाल तर काठ्या नसलेला घ्या.

त्यातही मुख्य तीन प्रकार.

युकातानी विणीचा: दोन उभ्या खांबांवर सूत ताणून, एकही गाठ न मारता धागे एकमेकांत अडकवत विणलेला. युकातानमधल्या मेरिदा शहराजवळचं तिशकोकोब हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे. गाठी नसल्यामुळे पाठीवर वळ उठत नाहीत, आणि हवा खालूनही खेळते. एप्रिल-मेच्या दुपारी याला तोड नाही. तोटा एवढाच की शर्टाची बटणं, अंगठ्या, पैंजण, कुत्र्याची नखं असं सगळं त्यात अडकतं.

ब्राझिली: जाड सुती कापडाचा, दोन्ही कडांना झालर. उबदार, मऊ, वजनदार. घराच्या पडवीत किंवा गच्चीवर उत्तम, पाठीवरून न्यायला नाही. भिजला की वाळायला दोन दिवस.

नायलॉनचा: पॅराशूटसारख्या पातळ कापडाचा, मुठीएवढ्या पिशवीत मावणारा. विणकामाचं सौंदर्य त्यात शून्य, पण ट्रेकला हाच. घामाने अंगाला चिकटतो हे कुणी दुकानात सांगत नाही.

लांबी बघताना कंजुषी नको. साडेपाच फुटांच्या माणसालाही कापडाची लांबी १० ते ११ फूट आणि पन्हा किमान साडेचार-पाच फूट लागतो. मोठ्या माणसाला आठ फुटी हॅमॉकमध्ये तिरकं होताच येत नाही, तो केळ्यासारखा वाकून पडतो आणि मग म्हणतो, हॅमॉकने पाठ धरते.

झाडं बघताना

आधी वर बघा. अगदी हॅमॉक पिशवीतून काढण्याच्याही आधी. वाळकी फांदी, अडकून राहिलेली तुटकी फांदी, आग्यामोहोळ, नारळाचा घड, सुकून लोंबणारी झावळी, यातलं काहीही दिसलं तर तिथून हला. सोडणासकट नारळ किलो-दीड किलोचा असतो आणि तो पडण्याआधी सांगत नाही. कोकणात-गोव्यात माडांमध्ये टांगलेला हॅमॉक म्हणजे सुट्टीचं चित्र खरं, पण ते चित्र काढण्याआधी कुणीतरी नारळ उतरवलेले असतात. नसतील उतरवलेले, तर डोकं माडाखाली येणार नाही असं बघा, आणि ते जमत नसेल तर दुसरी जागा शोधा.

मग बुंधा. घेर किमान अडीच वीत हवा. त्याहून बारीक झाड वजनाने आत वाकतं आणि तुम्ही हळूहळू जमिनीला टेकता. पोफळीच्या बागेत हे हमखास होतं: सावली सुरेख, बुंधे सडपातळ. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, कडुनिंब ही भरवशाची झाडं. शेवगा, पांगारा, पपई यांचं लाकूड पोचट, त्यांना वजन दाखवूही नका. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ आणि मुळं उथळ. निलगिरीच्या फांद्या वारा नसतानाही सुटून पडू शकतात. बिब्ब्याचा चीक कातडीला लागला तर फोड येतात, त्यामुळे रानात झाड ओळखता येत नसेल तर सोबत ओळखणारा माणूस घ्या.

बुंध्यावर थाप मारा. पोकळ आवाज आला, वाळवीची मातीची रेघ दिसली, बुडाशी अळंबी उगवलेली दिसली, तर झाड आतून गेलंय. आंब्यावर पानं एकमेकांना चिकटवून केलेली गोळा-घरटी दिसली तर ती लाल मुंग्यांची. त्या पट्ट्यावरून चालत थेट तुमच्याकडे येतात.

किनाऱ्यावरची सुरूची बनं हॅमॉकसाठीच लावली आहेत असं वाटतं, पण समुद्राकडची पहिली रांग सोडून द्या. लाटांनी वाळू खाल्लेली असते आणि मुळं उघडी पडलेली असतात. झाड उभं दिसतं, पण त्याला धरून ठेवणारं फारसं काही उरलेलं नसतं.

एक झाड आणि एक खांब, असा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. कुंपणाचा विटांचा खांब, फाटकाचा खांब, गच्चीचा कठडा: यांना हॅमॉक बांधू नका. का ते पुढे ताणाच्या हिशेबात येईलच.

अंतर आणि उंची

११ फुटी हॅमॉकला दोन झाडांमधलं अंतर १२ ते १५ फूट असलं की काम सोपं. टेप नसेल तर चालून मोजा. साधारण अडीच फुटांचं पाऊल धरलं तर पाच ते सहा पावलं.

पट्टा किती उंचीवर बांधायचा, यासाठी मी एक हिशेब वापरतो. अंतराला (फुटांत) साडेतीनने भागा आणि दीड मिळवा. १४ फुटांवर झाडं असतील तर ४ अधिक दीड, म्हणजे साडेपाच फूट. साधारण तुमच्या कपाळाइतकं. १२ फुटांना पाच फुटांच्या जरा खाली, १८ फुटांना साडेसहाच्या वर. २० फुटांना सव्वासात लागतात, म्हणजे स्टूल आलं. तेव्हा फार लांबची झाडं शोधू नका. हिशेबातला दीड फूट म्हणजे तुम्ही बसल्यावर बूड जमिनीपासून जितकं वर हवं तितकं, खुर्चीइतकं. त्याहून उंच टांगण्यात शौर्य नाही. जितक्या उंचीवरून पडायची तयारी असेल तितक्याच उंचीवर टांगावा.

पायाकडची बाजू डोक्याकडच्या बाजूपेक्षा सहा-आठ इंच वर बांधा. हे उलटं वाटतं, पण धड पायांपेक्षा जड असतं. दोन्ही टोकं सारखी ठेवली तर शरीर हळूहळू पायाकडे घसरतं आणि झोप मोडते. जमीन उताराची असेल तर उंची जमिनीपासून मोजू नका, दोन्ही पट्टे एकमेकांशी ताडून बघा.

पट्टा, गाठ, कडी

झाडाभोवती बारीक दोरी कधीच नको. सालीच्या लगेच खाली झाडाचा जिवंत थर असतो. अन्नरस तिथून वाहतो आणि बुंधा तिथूनच जाड होतो. बारीक दोरी वजनाखाली त्यात रुतते. म्हणून किमान इंचभर, शक्यतो दोन इंच रुंद पट्टा. तयार पट्टे मिळतातच. नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातून मालाच्या गाडीला बांधतात तो पॉलिएस्टरचा पट्टा मीटरवर घ्या. पॉलिएस्टर सांगून घ्या, नायलॉनचा पट्टा ओला झाला की ताणतो आणि मध्यरात्री तुम्ही फूटभर खाली आलेले असता. बाजेची सुती नवार रुंद आणि मऊ असते, नवी असेल तर दुपारपुरती चालते, पण उन्हापावसात राहिलेल्या जुन्या नवारीवर भरवसा ठेवू नका. सुतळी, काथ्या आणि कपडे वाळत घालायची प्लास्टिकची दोरी यांचा विचारच नको.

खिळा आणि हूक यांचाही नको. पुण्यात लोक मोहिमा काढून झाडांचे खिळे उपटतात, आपण नवे ठोकायचे नाहीत.

आता कृती. पट्ट्याच्या एका टोकाला शिवलेला फासा असतो. नसेल तर मोच्याकडून दुहेरी-तिहेरी शिलाई मारून घ्या. मोचीच, शिंप्याच्या साध्या मशीनला ते झेपत नाही. पट्टा बुंध्याभोवती फिरवा, मोकळं टोक फाशातून ओवा आणि खेचा. पट्टा बुंध्यावर सपाट बसला पाहिजे, पीळ नको. साल फार मऊ असेल तर पट्टा आणि बुंध्याच्या मध्ये दोन-चार वाळक्या काटक्या उभ्या खोचा, किंवा गोणपाटाची घडी ठेवा.

पट्ट्याच्या मोकळ्या टोकाला हॅमॉक जोडायचा. साखळीसारखे फासे शिवलेला पट्टा असेल तर प्रश्न नाही, कडी हव्या त्या फाशात अडकवा. साधा पट्टा किंवा दोरी असेल तर ती हॅमॉकच्या कडीतून दोन पूर्ण वेढे घेऊन फिरवा आणि मग ताणलेल्या भागाभोवती एकामागून एक दोन अर्धगाठी मारा. वजन वेढे पेलतात, गाठी फक्त राखण करतात. शेवटची अर्धगाठ सुरगाठीसारखी, टोक दुमडून, ठेवली तर सुटायला सोपी जाते. नुसत्या सुरगाठीवर मात्र टांगू नका.

कड्यांबद्दल एक गोष्ट. किल्ल्यांच्या जुडग्याला असतात तसल्या रंगीत अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या हुबेहूब गिर्यारोहणाच्या कडीसारख्या दिसतात. खऱ्या कडीच्या अंगावर किलोन्यूटनमध्ये ताकद कोरलेली असते. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा भार. १२ किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर निश्चिंत राहा. आकडाच नसेल तर ती किल्ल्यांसाठीच.

ताणाचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा. मी तोंडघशी पडलो तो याच्याच अज्ञानामुळे.

तुमचं वजन ८० किलो धरू. दोन्ही बाजूंची दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक दोरीवर ताण येतो ८० किलोचा. अर्धा-अर्धा वाटून ४० नव्हे, प्रत्येकीवर पूर्ण ८०. दोरी जरा कसली, कोन २० अंशांवर आला, की ताण ११७. आणखी कसली, १० अंश: २३०. बाजेसारखी ताठ, ५ अंश: ४५९ किलो. माणूस तोच आहे, झाडं तीच आहेत. फक्त आपण ओढलं जास्त. त्यात धपकन बसलात किंवा झोके घेतलेत तर क्षणभर हे आकडे अजून वर जातात. दोऱ्या 'अचानक' तुटतात असं लोक म्हणतात, त्यातल्या कितीतरी दोऱ्या बांधतानाच निम्म्याअधिक तुटलेल्या असतात.

आणि खांबांचा मुद्दा. ३० अंशांच्या आदर्श कोनातही ८० किलोचा माणूस प्रत्येक टोकाला आडवा जवळजवळ ७० किलोने आत ओढत असतो, कपाळाच्या उंचीवरून. झाडाला हे काहीच नाही, ते वादळ सोसतं. विटांचा खांब वरून येणारं वजन पेलायला बांधलेला असतो, बाजूने ओढ सोसायला नाही. तो कोसळतो तेव्हा आतल्या बाजूला कोसळतो, म्हणजे हॅमॉकमधल्या माणसावर. असे जीवघेणे अपघात झालेले आहेत.

३० अंश ओळखायचे कसे? कोनमापक कुणी मळ्यात नेत नाही. झाडापासून दोरीवर दोन वीत मोजा. तेवढ्यात दोरी एक वीत खाली आली असेल तर ३० अंश. दोन वीत चाल, एक वीत उतार. हे हॅमॉकमध्ये माणूस बसलेला असताना बघायचं, रिकाम्यावर नव्हे. दुसऱ्या कुणाला तरी बसवा आणि तुम्ही मोजा.

रिकामा हॅमॉक लोंबकळताना गबाळा दिसतो. येणारे-जाणारे "जरा ओढून बांधा की" असा सल्ला देतात. ऐकू नका.

वारंवार टांगणार असाल तर एक सोय करून ठेवा. हॅमॉकच्या एका टोकाच्या कडीपासून दुसऱ्या टोकाच्या कडीपर्यंत न ताणणारी पातळ, मजबूत दोरी कायमची बांधा. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के, म्हणजे ११ फुटी हॅमॉकला सुमारे नऊ फूट दीड इंच. ही दोरी टोकं त्याहून लांब जाऊ देत नाही, त्यामुळे झाडं कुठलीही असोत, झोळ दरवेळी सारखाच पडतो. तिच्यावर चष्मा आणि टॉर्चही अडकवता येतो. तेवढ्यासाठीसुद्धा ती बांधावी असं माझं मत आहे.

बसायचं, झोपायचं, उतरायचं

पहिल्यांदा हाताने दाबून बघा, मग अर्धं वजन, मग पूर्ण. पट्टे बुंध्यावर थोडे सरकून बसतील. उठा, परत वर सरकवा, परत बसा.

हॅमॉककडे पाठ करून मधोमध उभे राहा. दोन्ही हातांनी मागचं कापड पसरा, त्याची कड गुडघ्यांच्या मागे आली पाहिजे. खुर्चीवर बसतो तसे बसा. मग पाठ टेका आणि दोन्ही पाय एकदम वर घ्या. घोड्यावर बसल्यासारखा एक पाय आधी टाकणारे पडतात.

आता मुख्य गोष्ट. हॅमॉकच्या लांबीच्या रेषेत झोपू नका. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला सरकवा, मधल्या रेषेशी तिरके, साधारण २०-३० अंश. कापड दोन्ही कडांना ताणलं जातं, मधला खळगा सपाट होतो आणि पाठ जवळजवळ गादीवर असल्यासारखी सरळ येते. गुडघे उलटे दुमडल्यासारखे वाटले तर त्यांच्याखाली शर्टाची गुंडाळी ठेवा. काहींना डावी-उजवी बाजूही जमावी लागते, दोन्ही करून बघा. पहिल्या पाच मिनिटांत निकाल लावू नका.

उतरताना पुन्हा मधोमध, आडवे बसून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून उठा. संध्याकाळनंतर पाय टेकवण्याआधी टॉर्च मारा आणि चपला झटका. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्यांना मण्यारीचं जे भय असतं त्यातून हॅमॉक तुम्हाला बऱ्यापैकी सोडवतो, पण फुरसं पाचोळ्यात बसलेलं असतं आणि तुमचा पाय त्याच पाचोळ्यात पडणार असतो.

लहान मुलांना एकट्याने हॅमॉकमध्ये सोडू नये, आणि जाळीदार हॅमॉकमध्ये तर कधीच नाही. जाळीत हात-मान अडकते आणि फिरून पीळ बसतो. अमेरिकेत १९९६ मध्ये असे छोटे जाळीचे हॅमॉक मुलांच्या मृत्यूंनंतर बाजारातून परत मागवावे लागले. आपली बाळाची झोळीही आई हाताच्या अंतरावर असते म्हणून सुरक्षित असते, हे विसरायला नको.

घरी करायचा असेल तर

विणलेला हॅमॉक घरी करणं महिन्याभराचं काम आहे. कापडाचा एका दुपारचा. जुन्या चादरीवर प्रयोग करू नका: डबल बेडची चादर फार तर नऊ फूट भरते आणि मधे विरलेली असते.

कापडाच्या दुकानात जाड दोसुती किंवा भरड मांजरपाट मागा. साडेतीन मीटर, पन्हा ६० इंच. धुऊन वाळवून घ्या, आटायचं ते आधीच आटू दे. उजेडात धरून दोन्ही हातांनी ओढून बघा. कुठे सूत सरकताना दिसलं तर ते कापड नको.

दोन्ही लांब कडा साध्या दुमडून शिवा. दोन्ही आखूड कडांना दीड-दोन इंचांची नेफ्यासारखी पट्टी दुमडून तिच्यावर शेजारी-शेजारी तीन शिलाया मारा. सगळं वजन याच शिलायांवर येणार आहे, म्हणून धागा पॉलिएस्टरचा, आणि सुरुवातीला-शेवटी उलट-सुलट टाके. नेफ्यातून ८ मिलिमीटर जाडीची पॉलिएस्टरची दोरी ओवा. कापड परकराच्या नेफ्यासारखं चुण्या करून एकत्र आणा आणि दोरीची दोन टोकं घट्ट बांधून वीतभर फासा करा. त्या फाशाला पट्टा किंवा कडी लागेल. चुण्या सारख्या पडल्या पाहिजेत. एका बाजूला गोळा झाला तर कापड तिथे ओढलं जाऊन आधी फाटतं.

शिलाईची कटकट नको असेल तर आजीची पद्धत आहे. कापडाचं टोक चुण्या करून मुठीत धरायचं, वीतभर मागे दुमडायचं म्हणजे त्याचा कान होतो. दोरी कानातून खालून वर घ्यायची, कानाच्या मागून पूर्ण फिरवायची आणि स्वतःच्याच खालून ओवून खेचायची. मासेमारीचं जाळं विणताना हीच गाठ प्रत्येक डोळ्याला पडते. वजन पडलं की ती आवळते, वजन गेलं की सुटते. नऊवारी लुगडं दुहेरी केलं की चार मीटर भरतं, तेवढ्यात अशीच झोळी होते. पण पन्हा अरुंद, मोठ्या माणसाला तिरकं व्हायला जागा नाही. डोंगरातल्या पाड्यांवर रस्ता नसतो तिथे आजाऱ्याला चादरीची अशीच झोळी बांबूला बांधून खाली आणतात. गाठीची ताकद त्यांना विचारा.

घरच्या हॅमॉकमध्ये पहिला आठवडा जमिनीपासून फूटभरच उंचीवर झोपा.

थंडी, डास, पाऊस

डिसेंबरात माळावर रात्र काढणार असाल तर वरून दोन पांघरुणं घेऊनही पाठ गार पडेल, कारण हवा खालून वाहते आणि पाठीखालचं पांघरूण दाबलं जाऊन निरुपयोगी होतं. पाठीखाली फोमची मॅट घाला, किंवा गोधडी हॅमॉकच्या बाहेरून, खाली लोंबती बांधा. दबली नाही तरच गोधडी ऊब देते.

डास पातळ नायलॉनमधून खालून चावतात. मच्छरदाणी वरूनच नाही, खालपर्यंत हवी.

पावसाळ्यात ताडपत्री टांगली तरी पाणी बुंध्यावरून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून तुमच्या मानेशी येतं. हॅमॉकच्या वीतभर आधी पट्ट्याला सुताची एक लोंबती नाडी बांधा, पाणी तिच्यावरून खाली ठिबकतं. वळवाचे ढग दिसले, गडगडाट कानावर आला, तर नाडीबिडी काही न बांधता झाडाखालून निघून पक्क्या घरात जा. विजेत झाडाखाली थांबायचं नसतं, आणि तुम्ही तर त्याला बांधलेले असता.

अभयारण्यात आणि राखीव जंगलात टांगण्याआधी वनखात्याला विचारा. शहरातल्या बागेत माळ्याला विचारा. तो बहुधा नाही म्हणेल.

धुणं आणि ठेवणं

सुती हॅमॉक धुताना आधी दोन्ही टोकं एकत्र आणून सुतळीने बांधा, नाहीतर मशीनमधून बाहेर येतो तो गुंता सोडवताना घरात भांडणं होतात. खरं तर बादलीत भिजवून हातानेच धुवा. पिळू नका, सावलीत वाळवा. ओलसर असताना घडी घातलीत तर काळे ठिपके पडतात आणि सूत तिथूनच कुजतं. ऊन तर सगळ्यांचंच वैरी, नायलॉनचंही. वर्षभर गच्चीवर राहिलेला हॅमॉक दिसायला ठीक असतो आणि एक दिवस फर्रकन जातो. दर हंगामाच्या सुरुवातीला टोकांच्या चुण्या, शिलाया आणि पट्ट्याच्या कडा बोटांनी चाचपून बघा.

काम झालं की पट्टे काढून घ्या. रात्रभर टांगलेला ठेवलात तर सकाळी त्यात वस्तीवरचं एखादं मांजर पिलांसह मुक्कामाला असतं. मामाच्या मळ्यात हे दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा आजीने मांजराची बाजू घेतली.